तीनशेचे साडेचारशे

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. दुपारपर्यंत चाळीस उत्तरपत्रिका संपवायच्याच असा विडा उचलून मी भल्या पहाटे बसलो होतो आणि पंचवीस हातावेगळ्या झाल्याही होत्या. सव्विसावी उघडतो तोच ताईचा फोन आला. आमची ताई एरवी शांत बाई. पण त्या दिवशी तिचा आवाज टिपेला पोचला होता.

"अरे, हातातलं काम टाक आणि आधी इकडे ये. तुझ्या भाच्यानं घरात नायट्रोजन आणलाय!"

शाळा सुटल्यापासून नायट्रोजन हा शब्द मी खताच्या पोत्यांवरच काय तो वाचलेला. तेव्हा भाबडेपणाने विचारले, "बागेसाठी का?"

"बागेसाठी कशाला? कॉम्प्युटरवर ओतायला!"

अशा प्रसंगी मराठीच्या प्राध्यापकाला बोलावून काय उपयोग, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले. परंतु ताईच्या मते ह्या गुन्ह्यात मीही सामील होतो. हा पोरगा लहान असताना मी त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे. माझ्या वसतिगृहातल्या मित्राने नखपॉलिशाच्या एका थेंबाने तीनशेच्या संगणकाचा साडेचारशेचा कसा केला, ती गोष्ट. इतरांचे मामा राजाराणीच्या गोष्टी सांगतात. मी ही सांगितली आणि त्याने ती मनावर घेतली. आज तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोष्टीचा उत्तरार्ध मात्र मी त्याला कधीच सांगितला नव्हता. तो सांगण्याची वेळ त्या रविवारी आली, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

ठेका आणि गवई

ह्या छंदाचे नाव ओव्हरक्लॉकिंग. नाव अवजड असले तरी कल्पना सोपी आहे. संगणकात सारी आकडेमोड करणारा जो भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. हा प्रोसेसर ठेक्यावर चालतो. मैफलीत तबलजी ठेका धरतो आणि गवई त्या लयीला धरून गातो, तसेच हे आहे. मदरबोर्डावरून विजेच्या ठोक्यांचा एक मूळ ठेका येत असतो. त्याची ठरावीक पट करून प्रोसेसर आपली लय बांधतो. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ आणि असे हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ.

प्रत्येक प्रोसेसरची लय कारखाना ठरवून देतो. ह्या लयीत काम करा, उत्तर चुकणार नाही, ही कारखान्याची हमी. ती हमी बाजूला ठेवून लय वाढवीत नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. लय वाढली की काम लवकर होते. पण गवई कितीही तयारीचा असला तरी द्रुत लयीत एक जागा अशी येते, की तानेतले स्वर सुटू लागतात. प्रोसेसरचेही तसेच. एका ठोक्याचे काम पुरे होण्याच्या आत दुसरा ठोका पडला की आकडा चुकतो. कधी संगणक जागच्या जागी थिजतो. आणि कधी काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने चुकीचे उत्तर देऊन मोकळा होतो. ह्या दुसऱ्या प्रकाराला वाचकांनी अधिक भ्यावे. का, ते पुढे येईलच.

मग कोणी विचारील, की लय वाढवता येण्याजोगी होती तर कारखान्यानेच ती का वाढवली नाही? ह्याचे उत्तर आंब्याच्या बागेत मिळते. एकाच झाडाची फळे उतरवली तरी सगळी सारखी नसतात. बागाईतदार त्यांची प्रतवारी करतो. सिलिकॉनच्या एका गोल तबकडीवर असे कितीतरी प्रोसेसर एकाच वेळी घडवतात आणि मग प्रत्येकाची परीक्षा घेऊन लय ठरवतात. आता समजा, साल चांगले आले आणि बहुतेक फळ पहिल्या प्रतीचेच निघाले. पण बाजारात मागणी मात्र दुसऱ्या प्रतीच्या स्वस्त पेटीला आहे. तेव्हा बागाईतदार काय करील? चांगलेच आंबे दुसऱ्या पेटीत भरून विकील. प्रोसेसरच्या धंद्यातही हेच होते. स्वस्त पेटीत दडलेला पहिल्या प्रतीचा आंबा हुडकून काढणे, हाच ह्या छंदाचा उगम.

नखपॉलिश आणि शिसपेन्सिल

ह्या शौकिनांच्या जगात १९९८ हे साल आपल्याकडच्या चांगल्या पावसाच्या सालासारखे आठवले जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टात इंटेल कंपनीने 'सेलेरॉन ३००ए' नावाचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. लय ३०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेतली किंमत दीडशे डॉलरांच्या आत. त्याच सुमारास त्याच कंपनीने ४५० मेगाहर्ट्झचा 'पेंटियम २' बाजारात आणला. त्याची किंमत साडेसहाशे डॉलरांच्या वर. सेलेरॉनचा मूळ ठेका ६६ मेगाहर्ट्झचा आणि तो ठेक्याची साडेचार पट करी; म्हणून तीनशे. ही पट कंपनीने कायमची बांधून टाकली होती. पण ठेका बांधलेला नव्हता! तो ६६ वरून १०० वर नेला की साडेचार पटीचे होतात साडेचारशे. आणि ह्या जातीचे बरेचसे प्रोसेसर साडेचारशेवर खुशाल चालत. इतकेच नव्हे, तर त्याची स्वतःची छोटी स्मृती त्याच्याच लयीने धावत असल्यामुळे चौपट किमतीच्या थोरल्या भावाच्या तो खांद्याला खांदा लावून उभा राही.

ठेका शंभरावर न्यायचा कसा? काही मदरबोर्डांवर त्याची सोय होती. जेथे ती नव्हती तेथे लोकांनी तोड काढली. प्रोसेसरच्या पट्टीवर जे अनेक धातूचे संपर्क असतात, त्यांतला 'बी २१' क्रमांकाचा संपर्क झाकला, की मदरबोर्डाची समजूत होई, की हा १०० च्या ठेक्याचा पाहुणा आहे. झाकायला चिकटपट्टीचा बारीक तुकडा पुरे, किंवा नखपॉलिशाचा एक थेंब.

माझा वसतिगृहातला सोबती गणिताचा विद्यार्थी होता. मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून त्याने हा सेलेरॉन आणला, आणि दिवाळीच्या सुटीत घरी गेला तेव्हा बहिणीची नखपॉलिशाची बाटली खिशात घालून परत आला. त्या लाल थेंबाभोवती आम्ही सहा जण श्वास रोखून उभे होतो. कळ दाबली आणि पडद्यावर ४५० हा आकडा उमटला. मला तर लॉटरी लागल्यासारखे वाटले. वास्तविक संगणक त्याचा होता!

पुढे २००० साली एएमडी कंपनीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन ह्या प्रोसेसरांवर ह्याहून मजेदार उपाय निघाला. त्यांची बांधलेली पट मोकळी करायची तर प्रोसेसरच्या पाठीवरचे काही तुटलेले बारीक सांधे पुन्हा जुळवावे लागत. ते जुळवायला काय लागे? शाळेतली शिसपेन्सिल! पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. चार सांध्यांवर पेन्सिल गिरवली की कुलूप उघडले.

कंपन्यांनी हे कुलूप घातले त्यालाही कारण होते. त्या काळी काही लबाड व्यापारी कमी लयीच्या प्रोसेसरवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापीत आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारीत. शौकिनाची हौस आणि भामट्याची कमाई एकाच युक्तीवर चालली होती. पुढे २०१०-११ पासून इंटेलने कुलूप उघडलेले प्रोसेसर नावापुढे 'के' हे अक्षर लावून जादा किमतीला राजरोस विकायला काढले. म्हणजे किल्लीही त्यांनीच विकली!

चैत्रातला घोटाळा

आता उत्तरार्ध. त्या साडेचारशेच्या संगणकावर मी माझा एम.ए.चा लघुप्रबंध टंकित करीत होतो. विषय होता जात्यावरच्या ओव्या. मित्र मनाचा दिलदार. रात्री दहानंतर संगणक माझ्या स्वाधीन करून तो झोपी जाई. श्रीलिपीत एकेक अक्षर जोडीत मी चैत्र लागेपर्यंत बासष्ट पाने केली. वाटले, आठवड्यात सगळे संपवून गावी जाऊ.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याचा पारा चढला. एका रात्री पडदा दोनदा थिजला. मी कळ बंद करून पुन्हा चालू केली आणि काम पुढे नेले. पहाटे तीनला फाइल उघडली तर ओव्यांच्या जागी चौकोन, टिंबे आणि कोणत्याही लिपीत नसलेली चिन्हे! घाईघाईने फ्लॉपी काढली. पण तिच्यावर आदल्याच रात्री त्याच यंत्राने नक्कल करून दिलेली. तिच्यातही तेच. संगणक थिजला ते निदान दिसले तरी. पण त्याआधी कित्येक दिवस तो गुपचूप चुकत होता आणि मी त्या चुका रोज इमानेइतबारे जपून ठेवीत होतो.

मी मित्राला गदागदा हलवून उठवले आणि नाही नाही ते बोललो. तो बिचारा एवढेच म्हणाला, "अरे, पण मी तपासलं होतं!" तपासले होते हे खरे, पण केव्हा? तर डिसेंबरच्या थंडीत, अर्धा तास. पौषातल्या परीक्षेवर त्याने चैत्राचे प्रमाणपत्र देऊन टाकले होते.

उष्णतेचा हिशेब येथे सांगितला पाहिजे. लय दीडपट केली की प्रोसेसरची उष्णता सुमारे दीडपट होते. वाढलेली लय पेलावी म्हणून विजेचा दाब वाढवावा, तर उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब वीस टक्के वाढवला की उष्णता १.४४ पट. दोन्ही केले की मूळच्या दुपटीहून अधिक. आणि सिलिकॉन जसजसे तापते, तसतसे त्याचे काम मंदावते. तेव्हा थंडीत जे गाणे साधते ते उन्हाळ्यात साधेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राने नखपॉलिश पुसून टाकले. साडेचारशेचे पुन्हा तीनशे झाले. मग तीन आठवडे रोज रात्री मी हस्तलिखित आणि आठवण ह्यांच्या आधाराने सांगत गेलो आणि तो टंकित करीत गेला. गणिताच्या त्या विद्यार्थ्याला तेव्हापासून वीसएक ओव्या पाठ आहेत. प्रबंध वेळेवर गेला. तीनशेवर.

परीक्षा आणि परीक्षक

यंत्राच्या परीक्षेला ह्या क्षेत्रात बेंचमार्क म्हणतात. सर्व यंत्रांना एकच काम द्यायचे आणि कोण किती वेळात करतो ते पाहायचे. ह्या चाचण्यांत एक वयोवृद्ध चाचणी आहे, 'सुपर पाय'. वर्तुळाचा परीघ आणि व्यास ह्यांचे गुणोत्तर, म्हणजे आपला शाळेतला पाय, दशांश चिन्हापुढे लक्षावधी अंकांपर्यंत काढून दाखवायचा. हा प्रोग्रॅम टोकिओ विद्यापीठात यासुमासा कानडा ह्यांच्या प्रयोगशाळेतून आला. आडनाव कानडा असले तरी गृहस्थ अस्सल जपानी. त्यांनी १९९५ साली महासंगणकावर पायचे चार अब्जांहून अधिक अंक काढले होते. त्याच कामाची ही घरगुती संगणकासाठी केलेली आवृत्ती. आपल्या आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पायची किंमत ३.१४१६ येईल असे गुणोत्तर दिले, आणि ते देताना 'आसन्न' हा शब्द वापरला. आसन्न म्हणजे जवळपासचे. माझे उत्तर अगदी तंतोतंत नाही, हे उत्तराबरोबरच सांगणारा तो परीक्षार्थी होता! हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

परीक्षा आली की कॉप्या आल्या. हे मी अधिकाराने सांगू शकतो. २००३ साली 'थ्रीडीमार्क' ह्या चित्रांच्या चाचणीवरून मोठा गवगवा झाला. चाचणीत एक काल्पनिक कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो आणि संगणकाने त्या त्या क्षणी दिसणारे दृश्य भराभर रंगवायचे असते. कोणी तरी कॅमेरा वाटेवरून बाजूला वळवून पाहिला, तर एका बड्या कंपनीच्या कार्डाने आकाशाचे तुकडेच रंगवले नव्हते! नाटकातल्या वाड्याला मागची भिंत नसते, तशातला प्रकार. वाट ठाऊक असल्यामुळे जे दिसणार नाही ते त्यांनी केलेच नाही. चाचणी करणाऱ्या फिनलंडमधल्या फ्यूचरमार्क कंपनीने हे चव्हाट्यावर आणले. पुढच्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांनी मिळून निवेदन काढले, की ह्याला फसवणूक म्हणू नये, विशिष्ट कामासाठी केलेली सुधारणा म्हणावे. आमच्याकडे अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेल्या मुलाला काय म्हणावे हा वाद जुनाच आहे.

पण मला सर्वांत नवल वाटले ते २०१३ सालच्या प्रकरणाचे. ह्या स्पर्धांची जागतिक नोंदवही 'एचडब्ल्यूबॉट' नावाची संस्था ठेवते. त्या वर्षीच्या ऑगस्टात तिच्या लोकांना आढळले, की विंडोज ८ ह्या प्रणालीवर संगणक चालू असताना मूळ ठेका बदलला तर संगणकातले घड्याळही त्याबरोबर चुकते. समजा, ठेका शेकडा सहाने मंद केला. घड्याळही तेवढेच मंद झाले. मग खऱ्या तीनशे सेकंदांच्या कामाला ते २८२ सेकंद दाखवणार. यंत्र हळू चालले आणि निकाल सुधारला! धावणाऱ्याने पायाबरोबर पंचाचे घड्याळही आपल्याच हातात ठेवावे, तसे हे झाले. येथे कोणी मुद्दाम लबाडी केली असेलच असे नव्हे. अगदी प्रामाणिक स्पर्धकाचाही आकडा खोटा निघू शकत होता. संस्थेने त्या प्रणालीवरचे निकाल अग्राह्य ठरवले.

ह्या साऱ्यामुळे शौकिनांचे नियम कडक झाले आहेत. नुसता आकडा सांगून भागत नाही. पडद्याचे चित्र हवे; त्यात प्रोसेसरची जात नि लय दाखवणाऱ्या खिडक्या उघड्या हव्यात; यंत्राचे छायाचित्र मागितले जाते. सुपर पायच्या सुधारलेल्या आवृत्तीत निकालाबरोबर एक पडताळणीचा अंकही येतो. आणि कुस्तीत जसे वजनी गट असतात तसे येथे प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे गट आहेत. त्यामुळे जुन्या बाजारातून आणलेल्या स्वस्त प्रोसेसरवरही एखाद्या कॉलेजकुमाराला जगाच्या यादीत नाव लावता येते.

तांब्या

ताईकडे पोचलो तेव्हा सभा गच्चीवर भरली होती. भाचा आणि त्याचे दोन मित्र. मध्ये टेबलावर उघडा संगणक. त्याला पेटी नाही की झाकण नाही. मदरबोर्डावर सगळीकडे व्हॅसलीन चोपडलेले, फटींत मऊ खोडरबर दाबून बसवलेले आणि भोवती कागदी रुमालांच्या घड्या. मी विचारले, "हे काय, ह्याला सर्दी झाली की काय?"

"होऊ नये म्हणून!" भाचा म्हणाला. आणि ते अगदी खरे होते. थंडगार भांड्यावर हवेतली वाफ जमते. त्या पाण्याचा एक थेंब वीज चालू असलेल्या मदरबोर्डावर पडला की खेळ खलास.

प्रोसेसरच्या डोक्यावर पेल्यासारखे उभे, जाड बुडाचे भांडे घट्ट आवळून बसवले होते. ते तांब्याचे होते. तांबे उष्णता झटकन वाहून नेते. ह्या भांड्याला त्यांच्या परिभाषेत 'पॉट' म्हणतात; मी म्हटले, आपल्याकडे ह्याला दोन हजार वर्षांपासून तांब्याच म्हणतात.

कोपऱ्यात द्रव नायट्रोजनाचा डबा उभा होता. खेडोपाडी गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्य जो घेऊन हिंडतात, त्याच जातीचा. पोरांनी तो गॅसच्या व्यापाऱ्याकडून अनामत भरून आणला होता. द्रव नायट्रोजनाचे तापमान उणे १९६ अंश. एका लिटरचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो श्वासाची हवा ढकलून बाहेर काढतो. म्हणून गच्ची. हे कळल्यावर ताईचा जीव थोडा खाली पडला. तरी ती जिन्याच्या दारातून हलली नाही.

एवढी थंडी कशासाठी? थंडीत सिलिकॉन चपळ होते आणि वाढीव विजेचा दाब सोसते. ह्याच वाटेने विक्रम झाले आहेत. २०११ साली एएमडीच्या आठ गाभ्यांच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनीज बुकात नाव नोंदवले. त्यासाठी आठांपैकी दोनच गाभे चालू ठेवले होते आणि नायट्रोजनाहूनही थंड असा द्रव हेलियम ओतला होता. २०२२ च्या अखेरीस इंटेलच्या एका प्रोसेसरने हेलियमच्याच आधारे ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली. असे विक्रम क्षणभराचे असतात. आकडा नोंदला गेला की झाले. त्या लयीवर यंत्र काही कामाचे नसते. भाच्याला ते मान्य नव्हते. "मामा, नुसतं ओरडून दाखवण्यात काय आहे? पूर्ण गाणं म्हणता आलं पाहिजे," असे तो म्हणाला. म्हणून त्याने सुपर पायची थोरली चाचणी निवडली होती. ३ कोटी ३५ लाखांहून अधिक अंक, चोवीस आवर्तने. प्रोसेसर पंधराएक वर्षांपूर्वीचा, जुन्या बाजारातला.

पोलादी थर्मासमधून तांब्यात नायट्रोजनाची धार पडू लागली. पांढरे धुके टेबलावरून खाली ओघळले. एक जण तापमान मोठ्याने वाचत होता; कारण फार थंड करूनही चालत नाही. काही प्रोसेसर एका मर्यादेपलीकडे थंडीने बधिर होतात आणि सुरूच होत नाहीत. मग केस वाळवायच्या यंत्राने तांब्या शेकावा लागतो. ताईचे ते यंत्र टेबलाखाली दिसताच ती काहीतरी पुटपुटली.

चाचणी सुरू झाली. आवर्तनांचे आकडे पडद्यावर उमटू लागले. आठवे, बारावे, अठरावे. भाच्याने वहीत आदल्या यशस्वी खेळाडूंचे आकडे लिहून ठेवले होते. तो चार जणांच्या पुढे होता. विसावे. बाविसावे. मी उत्तरपत्रिका विसरलो. ताईही दारातून दोन पावले पुढे आली. आणि तेविसाव्या आवर्तनाला पडदा थांबला. एक ओळ आली: 'नॉट एक्झॅक्ट इन राउंड'.

कोणी बोलेना. मी हळूच विचारले, "म्हणजे काय?"

"म्हणजे कुठेतरी एक आकडा चुकला. त्याला कळलं आणि त्यानं सांगितलं," भाचा म्हणाला.

मला एकदम चैत्रातली ती पहाट आठवली. माझ्या यंत्राने जर एकदा असे सांगितले असते! तांब्या पुन्हा थंड होईपर्यंत मी त्या तिघांना गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला. बासष्ट पाने, फ्लॉपी, मित्राला बोललेले शब्द. भाच्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्यांनी प्राइम ९५ लावून रात्रभर ठेवायला हवा होता." हा मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ साली सुरू झालेल्या एका उपक्रमातला प्रोग्रॅम. उत्तर आधीच ठाऊक असलेली अवघड गणिते तो यंत्राला तासन्‌तास घालतो आणि एक जरी चुकले तरी थांबून बोट ठेवतो. वेगाची परीक्षा मिनिटांत होते, भरवशाच्या परीक्षेला रात्र घालवावी लागते, हे माझ्या मित्राला ठाऊक नव्हते. पोराला होते.

दुसऱ्या वेळी त्याने लय थोडी उतरवली. एक मित्र कुरकुरला, "अरे, पुन्हा त्याच लयीवर टाकून बघ, एखादे वेळी निघून जाईल." भाचा म्हणाला, "आणि निघालं तर ते त्याचं गाणं का आपलं नशीब?" चोवीस आवर्तने पुरी झाली. पहिल्या धावेत ज्या चौघांना मागे टाकले होते, त्यांतले तिघे आता पुढे राहिले. त्याने पडद्याचे चित्र घेतले आणि तो आकडा वहीत नोंदवला.

"एवढं करून मिळालं काय?" ताईने विचारले.

"त्या गटात नंबर लागला, आई."

"कितवा?"

"सव्विसावा."

ताई काही बोलली नाही. पण संध्याकाळी शेजारणीला तिने "जगात सव्विसावा" असे सांगितल्याचे मी माझ्या कानांनी ऐकले.

रात्री घरी आलो. सव्विसावी उत्तरपत्रिका तशीच उघडी पडली होती. ती मिटली आणि सकाळी भराभर तपासलेल्या पंचविसांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. एकेकीच्या गुणांची बेरीज परत करीत गेलो. सतराव्या उत्तरपत्रिकेत ती तीन गुणांनी चुकली होती. मुलगी ३३ वर नापास दिसत होती; होते ३६. तांबड्या शाईने जुना आकडा खोडला, नवा लिहिला, बाजूला सही केली आणि अठरावी उघडली.